शेवटचा नंबर यास्मिनचा

यास्मिन, भिशी पूर्ण झाली. तू असतीस तर सगळ्यात आधी हेच विचारलं असतंस, म्हणून आधी सांगून टाकते. बाराव्या महिन्याचे बारा हजार तुझ्या अम्मींच्या हातात पोचले. एकही मुलगी मागे हटली नाही. आता निवांत ऐक. तू मला कधी धड बोलू दिलं नाहीस. माझं वाक्य अर्ध्यावर असताना घड्याळ बघून "बस येईल, चल" म्हणायचीस. आता तुला कुठली बस पकडायची नाही.

उद्या तुझा चाळिसावा दिवस. अम्मींनी मला सकाळीच बोलावलंय, कांदे चिरायला. अब्बूंनी चाकणच्या बाजारातून अख्खी गोणी आणून ठेवलीय. मी जाणार आहे. कांदे चिरताना रडलं तर कुणी का म्हणून विचारत नाही, तेवढीच सोय. पण त्याआधी मला तुझ्याशी एक भांडण पुरं करायचंय. इतके दिवस मी सगळ्यांसमोर तुझं कौतुक करतेय. यास्मिन किती समजूतदार, यास्मिन किती काटकसरी, विशीतच केवढी पोक्त. सगळं खरं आहे. पण खरं सांगू? मला तुझा भयंकर राग आलाय.

आपली ओळखही रागानेच झाली, आठवतंय? थेरगावच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची फी भरायची रांग. मला पाचशे रुपये कमी पडत होते. मागे वळून, ओळख ना पाळख, मी तुला विचारलं, "पाचशे आहेत का? उद्या देते." तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "आहेत. पण देणार नाही." मला इतका संताप आला! पुढच्याच क्षणी तू वहीचं पान फाडलंस, तिथंच पाठीवरच्या दप्तरावर ठेवून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिलास की विद्यार्थिनीस फी दोन टप्प्यांत भरण्याची परवानगी मिळावी, आणि खाली माझी सही घेतलीस. दप्तर माझ्याच पाठीवर होतं, त्यामुळे मला हलताही येईना. खिडकीतल्या मॅडमनी अर्ज घेतला. वर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाय का असंही विचारलं. असा काही फॉर्म असतो हे मला माहीतच नव्हतं. तू म्हणालीस, "मागायला लाज कसली? फक्त खिडकी बरोबर पाहिजे."

हे वाक्य लक्षात ठेव. मला पुढे त्याच्यावर यायचंय.

तू डांगे चौकाच्या मागच्या गल्लीतली, अब्बूंचं दुचाकीचं गॅरेज खाली आणि तुमच्या दोन खोल्या वर, त्यात अम्मी, अब्बू, तू आणि धाकटी बहीण सना. मी चऱ्होलीची, म्हणजे चऱ्होलीत नव्याने उगवलेल्या फ्लॅटच्या स्कीममधली. तू मला "स्कीमवाली मॅडम" म्हणायचीस. पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा आईने हौसेनं सगळं घर दाखवलं. सोफा, मोठा टीव्ही, दोन दारांचा फ्रिज. तू सगळं मन लावून बघितलंस आणि अगदी साध्या आवाजात विचारलंस, "काकू, यातलं फिटलंय काय काय?" आईचा चेहरा पडला. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू वर्गात माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "मी वाईट म्हणून नाही विचारलं गं. आमच्याकडे फ्रिजच नाही, म्हणून मला खरंच माहीत नव्हतं." घरी जाऊन मी पहिल्यांदा बाबांना विचारलं की आपले हप्ते किती जातात. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी जेवताना दुसरी पोळी मागितली नाही. बाबांचा अर्ध्याहून जास्त पगार घरात यायच्या आधीच गेलेला असायचा. आम्ही गरीब नव्हतो आणि आमच्याकडे पैसेही नव्हते. हे कसं शक्य आहे ते मला तुझ्यामुळे कळलं.

म्हणून तर मी तुझ्याबरोबर कंपनीत आले. ठेकेदाराने कॉलेजच्या मुलींसाठी आणि घरचं उरकून येणाऱ्या बायकांसाठी दुपारी एक ते रात्री आठ अशी शिफ्ट काढली होती. सकाळचं कॉलेज सुटलं की डांगे चौकातून कंपनीची बस, चाकणला उतरायचं, गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या तपासायच्या. लाल वायर लाल खाचेत, पिवळी पिवळ्या. पहिला पगार झाला तेव्हा मी सँडल घेतले, आईला ड्रेस घेतला, तीन जणींना पिझ्झा खाऊ घातला आणि वीस तारखेला तुझ्याकडे रिक्षाला पैसे मागितले. तू पायी चालत आलीस माझ्याबरोबर. दोन किलोमीटर.

पुढच्या पगाराला तू मला हाताला धरून एटीएममध्ये नेलंस. रक्कम काढायला लावलीस आणि तिथंच, त्या काचेच्या खोलीत, तीन भाग करायला लावलेस. जायचे, राहायचे आणि उडवायचे. जायचे म्हणजे फी, पुस्तकं, घरी द्यायचे. उडवायचे म्हणजे उडवायचेच, त्यात तू कधी नाक खुपसलं नाहीस. तुझे स्वतःचे उडवायचे म्हणजे दर गुरुवारी एक मलई कुल्फी. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, पण कॉलेज चालू. रविवारी कॉलेज बंद, पण कंपनी चालू. पुरा मोकळा असा एक दिवस आपल्याला कधी मिळालाच नाही. त्या गुरुवारच्या दुपारी तू चौकात उभी राहून कुल्फी खायचीस आणि मला एक चाटही द्यायची नाहीस. "तुझ्या उडवायच्यातून घे," म्हणायचीस. लोक तुला कंजूष म्हणायचे ते काही उगाच नाही.

पण राहायचे पैसे हा तुझा खरा जीव. मी एकदा चिडून विचारलं होतं, हे साठवून करणार काय, म्हातारपणी उधळणार? तू म्हणालीस, "'नाही' म्हणायला लागतात गं पैसे. 'हो' कुणीही म्हणतं." मला तेव्हा काही कळलं नाही. मी म्हटलं, वा, काय डायलॉग मारलाय.

मग तू भिशी काढलीस. गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, आपल्या बसमध्येच. बारा जणी, महिन्याला हजार. दर पगाराला सगळ्या जमा करणार आणि एकीला बारा हजार मिळणार. फोनवरून पाठवलेले तुला चालायचे नाहीत. रोख आणायचे, तुझ्या शाळेतल्या जुन्या कंपासपेटीत सगळ्यांदेखत टाकायचे. "फोनवरून जातात ते गेल्यासारखे वाटतच नाहीत," म्हणायचीस. चालवणारीचा पहिला नंबर हा रिवाज, तो सगळीकडे आहे. बाकीच्या अकरा नंबरांच्या चिठ्ठ्या. बस मोशीच्या चढावर हळू झाली तेव्हा चिठ्ठ्या काढल्या आणि मला निघाला बारावा.

मी काय तोंड केलं होतं! मला स्कूटी घ्यायची होती. चऱ्होलीहून थेरगावला यायला दोन बस बदलायच्या, त्यात पहिला तास बुडायचा. गाडीसाठी आधी भरायचे बारा हजार हवे होते, बाकीचे हप्त्यावर. मी चाकणपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. कंपनीच्या गेटवर उतरताना तू म्हणालीस, "मॅडम, फुगा फोडा आता. माझा पहिला तू घे, तुझा शेवटचा मला दे."

तेव्हाही भांडलीस. नंबर दिलास आणि वर भांडलीस. म्हणालीस की पहिला नंबर घेणारी कर्ज घेते आणि शेवटचा घेणारी बचत करते, दोघी देतात सारखेच. म्हणालीस की गाडी घे, पण तिचा हप्ता तुला ओळखत नाही हे ध्यानात ठेव. अब्बूंनी गाडी तपासून दिली आणि तेही तेच बोलले, "गाडी एकदम बढिया आहे बेटा. पण ही पेट्रोलवर कमी आणि पगारावर जास्त चालते." बाप-लेकीने मिळून माझ्या नव्या गाडीचा आनंद घालवला. मी मुद्दाम तुला मागे न बसवता एकटीच चौकात चक्कर मारून आले.

एप्रिलमध्ये कॉस्टिंगच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझर लाइनवर आला. माल निघायचा होता, चार तास ओव्हरटाइम. तू हातमोजे काढलेस आणि म्हणालीस, "सर, उद्या पेपर आहे. मी थांबणार नाही." तो म्हणाला, मग उद्यापासून येऊ नको. तू म्हणालीस, "ठीक आहे." शांतपणे, दूध नको म्हणावं तसं. मी तुझ्या शेजारीच उभी होते. माझाही पेपर होता. पण पाच तारखेला स्कूटीचा हप्ता होता आणि माझ्या खात्यात चारशे रुपये होते. मी थांबले. तू लाइन सोडून जाताना माझ्याकडे वळून बघितलंस, त्या बघण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी कॉस्टिंगमध्ये नापास झाले. आणि तुला कुणी काढलंही नाही, दोन दिवसांनी तोच सुपरवायझर तुला फोन करून बोलवत होता. तेव्हा मला समजलं, 'नाही' म्हणायला पैसे का लागतात ते. तुझ्याकडे तीन महिने पुरतील एवढे होते म्हणून तू "ठीक आहे" म्हणू शकलीस. पगार दोघींचा तोच, लाइनही तीच.

निकाल लागला त्या दिवशी मी वाट बघत होते की तू म्हणशील, सांगितलं होतं ना. तू म्हणाली नाहीस. कॉस्टिंगचं पुस्तक बसमध्ये आणलंस. अख्खा पावसाळा थेरगाव ते चाकण आणि चाकण ते थेरगाव मला शिकवलंस, पुढच्या सीटवरच्या माधुरीलाही सामान्य खर्चाची वाटणी पाठ झाली. गाडी विकू दिली नाहीस. आता विकलीस तर निव्वळ तोटा, म्हणालीस. माझा महागाचा फोन मात्र विकायला लावलास, त्यातून तीन हप्ते आधीच भरले. सप्टेंबर उजाडला तेव्हा माझ्या खात्यात आठ हजार रुपये होते. राहायचे. माझे स्वतःचे, कुणाचे नाहीत असे. त्या दिवशी मी तुला माझ्या उडवायच्यातून कुल्फी दिली आणि तू ती घेतलीस.

आता त्या मंगळवारचं बोलू. मला ते टाळायचं होतं, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

रविवारपासून तुला ताप होता. सोमवारी गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. तू म्हणालीस, गुरुवारी बघू. गुरुवारी सुट्टी. आधी गेलं तर खाडा पडतो, खाडा पडला की महिन्याचा हजेरी बोनस जातो. मी म्हटलं, जाऊ दे की बोनस. तू म्हणालीस, "सनाच्या बारावीची फी भरली ना आत्ताच. राहायचे सगळे तिकडे गेले." एवढं बोललीस आणि मला ते ऐकून न ऐकल्यासारखं झालं. मी फोनवर काहीतरी बघत होते.

मोशी गेल्यावर तू विचारलंस, "या महिन्याचा नंबर कुणाचा गं?"

मी म्हटलं, "माधुरीचा. का?"

तू म्हणालीस, "काही नाही." आणि डोकं खिडकीला टेकवलंस.

यास्मिन, भिशी तू चालवत होतीस. बारा जणींचे बारा नंबर तुला तोंडपाठ होते, कुणाचा कितवा, कुणी कुणाशी बदलला. तू मला नंबर विचारत नव्हतीस. तू मागत होतीस. जन्मात पहिल्यांदा मागत होतीस आणि तुला ते येत नव्हतं. आणि मी, जिच्या खात्यात तूच साठवायला लावलेले आठ हजार होते, मी म्हटलं, माधुरीचा, का?

आता सांग, माझा राग कुणावर? खिडकी बरोबर पाहिजे म्हणणारी तू. खिडकी तुझ्या शेजारी बसली होती. सरळ म्हणायचं होतंस, स्नेहल, तब्येत बरी नाही, हजार दे, नाहीतर नुसतं चल बरोबर. मी काय केलं असतं? बस थांबवून उतरले असते तुला घेऊन. पण मला न सांगता कळायलाही हवं होतं. दोन्ही खरं आहे. रोज रात्री मी एकदा तुला दोष देते आणि एकदा स्वतःला, आणि झोप कशानेच येत नाही.

बुधवारी पगार झाला. तू बसमध्ये पैसे गोळा केलेस आणि बारा हजार मोजून माधुरीच्या हातात ठेवलेस. माझा हजार घेताना तुझी बोटं लागली, ती भाजत होती. मी म्हटलं, अगं, केवढी तापलीयस! तू म्हणालीस, ऊन आहे. गुरुवारी सकाळी तुला जिना उतरता येईना, अब्बूंनी उचलून रिक्षात घातलं आणि महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. डेंग्यू. डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. शुक्रवारी मला दोन मिनिटं आत सोडलं. तुझे ओठ सुकले होते. तू मला म्हणालीस, "आज खाडा पडला गं माझा." आणि मी हसले. तुला बरं वाटावं म्हणून हसले. शनिवारी तू नव्हतीस.

तू सगळीकडे शेवटचा नंबर घेतलास. भिशीत घेतलास तेव्हा मला तो मोठेपणा वाटला. घरात अब्बूंचं औषध आधी, सनाची फी आधी, आणि तू बाराव्या नंबरला. दवाखान्यातही तेच केलंस. इतकी हुशार होतीस, कॉस्टिंगमध्ये पंच्याऐंशी मिळवलेस, आणि जायचे, राहायचे, उडवायचे यांत दुखण्याचा भाग धरला नाहीस. हे माझं भांडण.

ऑक्टोबरचा पगार झाला तेव्हा सनाने मला तुझी कंपासपेटी आणून दिली. आत अकरा चिठ्ठ्या होत्या आणि रक्त तपासणीचा कागद होता, घडी जशीच्या तशी. मी पेटी घेऊन बसमध्ये चढले. बारावा नंबर तुझा होता आणि बाकीच्या अकरा जणींनी आपापले पैसे उचललेले होते. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी आमच्या चऱ्होलीच्या जुन्या गावठाणातल्या सुनंदाताई, सगळ्यांत मोठ्या, म्हणाल्या, "गेल्या मानसाचा नंबर कसा काय लावायचा गं? हितंच मोडूया."

मी उभी राहिले आणि काय काय बोलले ते मला नीट आठवतही नाही. चालत्या बसमध्ये ओरडले. म्हटलं, पहिला नंबर मी खाल्लाय, तो तिचा होता. कुणी देऊ नका, मी स्कूटी विकते आणि बाराच्या बारा मी भरते. ड्रायव्हरमामांनी आरशातून बघितलं. माधुरी माझा हात धरून खाली ओढत होती, "बस बाई खाली, रडायलीस कशाला, देतो की आम्ही."

सुनंदाताईंनी कमरेचा बटवा काढला. हजार आधीच घडी घालून ठेवलेले होते. म्हणाल्या, "पैशाचं न्हाई गं पोरी. पैसं हायती. पर तिच्या आईम्होरं जाऊन हे ठिवायचं कोनी? आमाला न्हाई व्हायचं ते." आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मग सगळ्याच. तुझा स्वतःचा हजार कोण भरणार यावर आणखी एक भांडण झालं, कारण प्रत्येकीला तो भरायचा होता. शेवटी सगळ्यांनी मिळून काढला. मामांनीही पन्नास दिले. मी नको म्हटलं तर म्हणाले, ती रोज चढताना सलाम करायची मला, राहू दे.

मी एकटीच गेले अम्मींकडे. अम्मींनी पेटी उघडली, पैसे बघितले, मोजले नाहीत. विचारलं, "बेटा, हा तिचा नंबर कधी होता?"

"या महिन्यात, अम्मी."

"आणि तिने आधी मागितला असता तर दिला असता तुम्ही?"

"दिला असता. सगळ्यांनी दिला असता."

अम्मींनी पेटीवर हात फिरवला. मग म्हणाल्या, "मग माझ्या पोरीने मागितला का नाही? आम्हीच शिकवलं तिला, किसी के सामने हाथ मत फैलाना. लहानपणापासून शिकवलं. चुकलं का गं आमचं?"

मला तेव्हा त्या मंगळवारचं सांगायला हवं होतं. मी नुसती त्यांच्या शेजारी बसून राहिले. अम्मी एवढी मोठी शिक्षा स्वतःला देत होत्या आणि मी गप्प बसले. उद्या सांगणार आहे. कांदे चिरताना, सगळ्या बायका यायच्या आत, तू मला विचारलं होतंस आणि मला कळलं नाही, हे सांगणार आहे. त्या रागावल्या तर रागावू देत.

निघताना त्यांनी पेटी मला परत दिली. बारा हजार ठेवून घेतले. तू अकाउंटच्या कोर्ससाठी जुना लॅपटॉप बघून ठेवला होतास, तोच आता सनाला घेणार आहेत. पण त्यांतला एक हजार काढून पेटीत टाकला आणि म्हणाल्या, "नवीन भिशी लागली की सनाचं नाव घाला. आणि तिला शिकव बेटा. जमवायचं तर यास्मिनने शिकवलंय तिला. मागायचं तू शिकव."

कॉस्टिंगचा पेपर दिला मी, गेल्या आठवड्यात. बरा गेला. सामान्य खर्चाच्या वाटणीचा प्रश्न आला तेव्हा तुझा आवाज आला आणि मी दोन मिनिटं पेन खाली ठेवलं. ओव्हरटाइमला आदल्या दिवशी नाही म्हटलं होतं. म्हटलं आणि आठच्या बसमध्ये जाऊन बसले.

आणि काल बसमध्ये नव्या भिशीच्या चिठ्ठ्या केल्या. चालवणार मी. सगळ्या म्हणाल्या, मग पहिला नंबर तुझा, रिवाज आहे. मी पेटी मांडीवर ठेवली आणि म्हटलं, चिठ्ठ्या काढायच्या आधी एक विचारते. कुणाला आधी लागणार आहेत का? कशाला ते सांगायचं नाही. आणि मध्येच कुणी आजारी पडलं तर तो महिना तिचा, हे आत्ताच ठरवून टाकू. बस तशीच चालली होती. मी पुन्हा विचारलं. बसने मोशी ओलांडली होती, तूही तिथंच विचारलं होतंस.

मग सुनंदाताई खाली बघत म्हणाल्या, "मला लागत्याल गं. गुडघं दाखवायचं हायती. सा महिनं झालं, सांगंन सांगंन म्हनत हुते."

सहा महिने त्या आपल्या शेजारच्या सीटवर बसत होत्या, यास्मिन. रोज उतरताना दांडा दोन्ही हातांनी धरायच्या. तुझ्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

पहिला त्यांना दिला. बाकीच्या चिठ्ठ्या काढल्या, सनाला पाचवा आला. बाराव्या नंबरची चिठ्ठी मी पेटीत टाकलीच नव्हती, तिच्यावर आधीच माझं नाव लिहून ठेवलं होतं. तो गेल्या वर्षीही माझाच होता. आता तो मी पुरा करणार आहे, सगळ्या मुलींचे पैसे पोचवून, सगळ्यात शेवटी. एवढं तुझं ऐकते.

पण मध्येच मला ताप आला ना, तर नंबर कुणाचा असं मी विचारणार नाही. मला पाहिजेत, असं म्हणेन.